उठवणाऱ्याला किती गुण?

मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, एक प्रसंग आहे. येशू आणि त्याचे शिष्य चालून चालून कफर्णहूमला पोचतात. घरात टेकल्यावर तो विचारतो, वाटेत तुमचं कशावरून चाललं होतं? बाराजणांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. कारण वाद चालला होता तो आपल्यात मोठा कोण, यावर. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा भाग आला की मुलं पुढे धावतात. पुढे येशू एका लहान मुलाला मधोमध उभं करतो, ते त्यांना आवडतं. मी मात्र त्या गप्प बसण्यापाशी थांबतो. पहिलं यावंसं वाटणं वाईट, असं तोवर त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांत मासे धरणारे होते, एक जकात गोळा करणारा होता. कुणाच्या जाळ्यात जास्त मासळी, कुणाच्या नाक्यावर जास्त वसुली, हे अशा माणसांचं रोजचं बोलणं असणार. तरी त्याच्यासमोर ते बोलायची त्यांना लाज वाटली. ही लाज कशाची?

वसईकडच्या नंदाखालमध्ये माझा जन्म गेला. शाळेत गणित शिकवलं, रविवारी मिस्सेनंतर धर्मशिक्षण घेतलं, आणि दोन्हीकडे पेपर तपासून नंबर काढले. पहिल्या तिघांना बक्षिसं दिली. देवाबद्दलच्या परीक्षेत पहिला, दुसरा, तिसरा. त्यात काही खटकावं असं मला फार काळ वाटलं नाही, आणि आजही ते सरसकट चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण शिष्यांच्या त्या गप्प बसण्याचा नीट विचार करायला मला माझ्या पुतण्याने लावलं, आणि तोही एका गोळीबाराच्या खेळाच्या निमित्ताने.

खेळाचं नाव बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मुलांच्या तोंडी बीजीएमआय. आधीची पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केली, जुलै २०२१ मध्ये हा नवा अवतार आला, जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला, आणि मे २०२३ मध्ये परत आला. आगाशी, बोळींज, नानभाट, निर्मळ, वटार, आमच्याकडच्या प्रत्येक गावात चार-चार पोरांचे स्क्वॉड आहेत. रात्री कुणीतरी कस्टम रूम लावतो, आयडी-पासवर्ड ग्रुपवर टाकतो, सोळा संघ उतरतात. कंपनीची क्रमवारी आहे, पण ती एकेकट्या खेळाडूची, ब्रॉन्झपासून कॉन्कररपर्यंत. देशातल्या मोठ्या संघांना मोठ्या स्पर्धांचे गुणतक्ते आहेत. पण नानभाटचा स्क्वॉड वटारच्या स्क्वॉडपेक्षा बरा की नाही, हे सांगणारी यादी कुणाकडेच नव्हती. ती पुतण्याने केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यात पैसे नाहीत, तो स्वतः बरा खेळतो एवढंच. निकालाचे स्क्रीनशॉट गोळा करायचे, गूगल शीटमध्ये आकडे भरायचे, रविवारी रात्री नवी यादी टाकायची. कुणाचा निकाल राहिला तर तो फोन करून मागवून घेतो. तळाच्या संघाचासुद्धा.

गोळ्या झाडण्याचा खेळ धर्मशिक्षण घेणाऱ्या माणसाच्या घरात चालतो कसा, असं मला विचारलं गेलं आहे. मला तो खेळ आवडत नाही. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, ती मला जास्तच वाटते. पण त्या खेळाभोवती मुलं जे करतात त्यात मला रस आहे, आणि यादी हे त्यातलं सगळ्यात गंभीर काम आहे.

पुतण्या माझ्याकडे आला तो अडचण घेऊन. त्याने आधी स्पर्धांचाच हिशेब वापरला होता. पहिल्या संघाला दहा गुण, दुसऱ्याला सहा, मग पाच, चार, तीन, दोन, आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय प्रत्येक फिनिशला, म्हणजे संपवलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला, एक. नववा ते सोळावा, जागेचे गुण शून्य. यात झालं असं, की जो स्क्वॉड रोज रात्री कच्च्या लॉबीत, म्हणजे दुबळ्या संघांत, खेळायचा तो वर चढत गेला, आणि बारावीच्या अभ्यासामुळे आठवड्यातून एकदाच पण तगड्या संघांत उतरणारा स्क्वॉड खाली राहिला. ‘काका, हे बरोबर नाही वाटत,’ तो म्हणाला. सूत्र त्याला माझ्याकडून हवं होतं. अन्याय त्याचा त्यालाच कळला होता.

मी त्याला अर्पाद एलो यांचं काम समजावलं. हंगेरीत १९०३ मध्ये जन्मलेले, अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक बुद्धिबळाचे पट्टीचे खेळाडू होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये घेतली आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये. कल्पना साधी आहे. सामन्याआधी दोघांच्या आकड्यांवरून काय अपेक्षित आहे ते काढायचं, आणि प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून किती वेगळा लागला तेवढेच गुण हलवायचे. समजा, एकाचे १६०० आणि दुसऱ्याचे १४००. मग पहिल्याने शंभरात सुमारे शहात्तर वेळा जिंकावं अशी अपेक्षा. एका सामन्यात जास्तीत जास्त ३२ गुण हलतील असं ठरवलं, तर तो जिंकल्यावर त्याला जेमतेम आठ मिळतात. पण १४०० वाला जिंकला तर त्याला चोवीस. सोळा संघांच्या लॉबीत प्रत्येकाची बाकी पंधरांशी जोडी लावायची, म्हणजे एका सामन्यातून एकशेवीस जोड्या. पुतण्याने ते शीटमध्ये बसवलं. कच्च्या लॉबीत रोज जिंकणाऱ्यांचा आकडा एका जागी अडला, आणि बारावीचा स्क्वॉड वर सरकला.

हे सूत्र फळ्यावर मी पूर्वीही मांडलं होतं. पण ह्या वेळी ते मांडता मांडता मला मंदिरातल्या दानपेटीसमोर बसलेला येशू दिसला. श्रीमंत लोक मोठाल्या रकमा टाकून जातात, एक गरीब विधवा तांब्याची दोन नाणी टाकते, आणि तो शिष्यांना बोलावून सांगतो की सगळ्यांत जास्त तिने टाकलं. लहानपणापासून मी ही गोष्ट दयेची म्हणून ऐकली. ती तशी नाही. त्यात काटेकोर हिशेब आहे. ज्याच्याकडून जे अपेक्षित होतं त्याच्या तुलनेत त्याने काय दिलं, हा तो हिशेब. लूकच्या बाराव्या अध्यायात तर हे सरळच येतं: ज्याला जास्त दिलं गेलं त्याच्याकडे जास्त मागितलं जाईल. म्हणून, क्रमवारी लावणं म्हणजेच अहंकार, अशी सोपी प्रवचनं मला पटत नाहीत. चांगली क्रमवारी बड्या नावाच्या भपक्याला भुलत नाही. ती दोन नाण्यांचं वजन ओळखते.

याच वाटेवर एक धर्मोपदेशकही भेटतो. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले प्रेस्बिटेरियन पाद्री. त्यांचा संभाव्यतेवरचा निबंध ते वारल्यावर १७६३ मध्ये छापला गेला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्सवरच्या खेळांसाठी ट्रूस्किल नावाची पद्धत बांधली ती बेझ यांच्या विचारावर. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. एक त्याच्या कौशल्याचा अंदाज, आणि दुसरा, आपल्याला ह्या माणसाबद्दल किती कमी माहिती आहे त्याचा. नवा खेळाडू आला की दुसरा आकडा मोठा. सामने होत जातात तसा तो लहान होतो, पण शून्य होत नाही. आपलं अज्ञान आकड्यात लिहून शेजारी ठेवणारं माप मला कुठल्याही निकालपत्रापेक्षा प्रामाणिक वाटतं. इतकी वर्षं प्रगतिपुस्तकं भरली, एकाही रकान्यात ही सोय नव्हती.

मग मी त्याला नागपूरच्या दिव्या देशमुखची गोष्ट सांगितली, कारण यादी करणाऱ्याने ती विसरू नये. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक झाला. मानांकनाच्या यादीत ती पंधरावी होती. वरच्या खेळाडूंना एकामागून एक हरवत ती अंतिम फेरीत आली आणि तिथे कोनेरू हंपीला नमवून जिंकली. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि २५०० चा आकडा लागतो. तिच्याकडे तेव्हा एकही नॉर्म नव्हता. विजेतेपदाबरोबर किताब थेट मिळाला. पंधरावा क्रमांक खोटा नव्हता, कालपर्यंतच्या सामन्यांचा तो खरा निष्कर्ष होता. फक्त उद्याबद्दल बोलायचा त्याला अधिकार नव्हता.

ह्या देशात आपल्याला वेगळीच क्रमवारी जास्त माहीत आहे, ती म्हणजे सामना न खेळताच लागलेली. डॉ. आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, आणि तिची खोच त्यांनी नेमकी सांगितली. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला पायाखाली कुणीतरी सापडतो, म्हणून पायऱ्या मोडायला सगळे एकत्र येत नाहीत. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, आणि हयातीत त्यांना आत का जाता आलं नाही हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. आम्ही ख्रिस्ती म्हणून ह्यातून सुटलो असं समजू नये. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईत आले, १७३९ मध्ये गेले, धर्म राहिला आणि धर्माखाली जात पण राहिली. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी, एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी माणसं लग्न जुळवताना कुठला कागद काढायची, हे माझ्या पिढीने पाहिलं आहे. त्या तुलनेत पुतण्याची यादी मला धर्माच्या जास्त जवळची वाटते. तिच्यात वटारचा कोळ्याचा पोर आणि नंदाखालचा वाडीवाल्याचा पोर एकाच सूत्राने मोजले जातात, आणि पुढच्या रविवारी आकडा बदलू शकतो.

इथवर मी यादीच्या बाजूने आहे. अडलो तो पुढे.

एलो यांच्या हिशेबात एक गोष्ट अटळ आहे. जिंकणाऱ्याला मिळालेले चोवीस गुण हरणाऱ्याच्या खात्यातूनच येतात, दुसरं कुठून येणार? सगळ्या संघांच्या गुणांची बेरीज सामन्याआधी जेवढी, तेवढीच सामन्यानंतर. बोळींज वर गेलं की कुणीतरी खाली आलंच. खेळासाठी हे ठीक आहे, पहिली जागा एकच असते. पण मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक नेमकं हेच करायला नकार देतो. तो पहाटे मजूर लावतो, मग नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता, आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार. पहाटेचे चिडतात.

विरारला सकाळी कामाच्या नाक्यावर उभी राहिलेली माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला ही गोष्ट वेगळी समजते. वाडीत केळीची खणणी असो की कुठलं बांधकाम, मुकादम आधी दंडाची जाडी बघतो. आठपर्यंत तरणीबांड उचलली जातात. अकरा वाजता जे उरतात ते म्हातारे, खोकणारे, एका हाताने अधू. त्यांनी दिवसभर आळस केलेला नसतो, ते दिवसभर नापास होत असतात. मालक त्या शेवटच्यांना विचारतो, तुम्ही इथे रिकामे का? आणि ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. बाजाराने लावलेल्या यादीतला तळ तो हाच. त्यांनाही घरी चूल पेटवायची असते, आणि चुलीला दिनार लागतो, दिनाराचा बारावा भाग चालत नाही.

पहाटेच्या मजुरांना ठरल्याप्रमाणे पूर्ण मिळालं होतं. त्यांच्या खात्यातून एक कवडीही वळती झालेली नव्हती. तरी त्यांना लुबाडल्यासारखं वाटलं, कारण दुसऱ्याला मिळालेलं आपल्यातून गेलंच असलं पाहिजे, हा हिशेब मनात मुरलेला. शिष्य का गप्प बसले ते मला इथे समजतं. बारातला मोठा कोण, हे ठरायला बाकीचे अकरा लहान व्हावे लागतात. आणि ज्याच्यासमोर ते उभे होते त्याला मोठं असायला कुणी लहान असण्याची गरज नव्हती. त्याच्यापुढे तो वाद बोलून दाखवला असता तर आपण सोबत्यांच्या खिशात हात घालत होतो हे उघडं पडलं असतं. लाज त्याची होती.

आमच्या गावच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण इथे येते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याचं अध्यक्षपद त्यांना मिळालं ते निवडणुकीविना, महामंडळाने एकमताने निवडून. त्याच्या आधीच्याच वर्षी यवतमाळला अरुणा ढेरे अशा रीतीने आल्या होत्या. त्यापूर्वी वर्षानुवर्षं मतं मोजली जात, आणि मराठीतल्या कितीतरी चांगल्या लेखकांनी केवळ हरायला नको म्हणून त्या वाटेला जाणं टाळलं. त्या जानेवारीत नंदाखालला आनंद झाला, आणि त्या आनंदासाठी कुणाला पाडावं लागलं नव्हतं.

पुतण्या सहज सोडणारा नाही. धर्मशिक्षण माझ्याकडेच शिकलेला आहे. त्याने विचारलं, मग स्वर्गात सगळे सारखे का? आणि इथे प्रामाणिकपणे सांगावं लागतं की चर्चची शिकवण तशी नाही. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं की मुक्त झालेले आत्मे देवाला पाहतात, पण पुण्याईच्या भेदानुसार एक दुसऱ्याहून अधिक पूर्णपणे पाहतो. थॉमस अक्विनास यांनी त्याही आधी तेच मांडलं, आणि कारण दिलं ते प्रेमाचं: ज्याच्यात प्रेम अधिक, त्याची ओढ अधिक, म्हणून त्याचं पाहणं अधिक. म्हणजे कमी-जास्त आहे. हा प्रश्न लिझ्यूच्या संत तेरेजाला लहानपणीच पडला होता. देव सगळ्यांना सारखं वैभव देत नसेल तर कमी मिळालेले दुःखी नसतील का? तिच्या एका मोठ्या बहिणीने, पोलीनने, वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचं शिवणाचं अंगुस्तान शेजारी ठेवून दोन्ही काठोकाठ पाण्याने भरले, आणि विचारलं, जास्त भरलेलं कोणतं? चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, ही मुलगी क्षयाने गेली आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांत बसवलं.

‘पण पेला मोठा तो मोठाच,’ पुतण्या म्हणाला. त्याचं खरं आहे. मला त्या उत्तरात दिलासा दिसतो तो एवढाच, की पेल्यातलं पाणी अंगुस्तानातून ओतून घेतलेलं नाही. दोन्ही वरून भरले. तिथे कमी-जास्त असेल, पण बेरीज बांधलेली नाही. एलो यांचं सूत्र ज्या भिंतीवर थांबतं तिच्या पलीकडची ही गोष्ट आहे. ती मी सिद्ध करू शकत नाही. गणित जिथवर नेतं तिथवर जाऊन, पुढे मी विश्वास ठेवतो.

मोजण्याबद्दल बायबलमध्ये सगळ्यांत भयंकर पान आहे ते दाविदाच्या शिरगणतीचं, शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी. राजा सेनापती यवाबाला देशभर पाठवतो. यवाब आधीच विचारतो, महाराजांना हे कशाला हवं? नऊ महिने वीस दिवस मोजणी चालते. इस्राएलात आठ लाख, यहूदात पाच लाख. लगेच दाविदाचं काळीज धडधडतं, त्याला पाप कळतं, आणि मरीत सत्तर हजार माणसं जातात. मोजण्यात एवढं काय पाप, यावर विद्वान शेकडो वर्षं वाद घालत आले आहेत. माझं लक्ष जातं ते कुणाला मोजलं तिकडे. तलवार चालवू शकणारे पुरुष, तेवढेच. बायका नाहीत, म्हातारे नाहीत, मुलं नाहीत, कुंभार आहेत पण कुंभार म्हणून नाहीत. राजाला आपली प्रजा एका कामापुरती दिसली आणि तो आकडाच प्रजा असं त्याने धरलं.

हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा त्याने फोन पुढे केला. ‘काका, हे बघा. यात पण तसंच होतं.’

रेकॉर्ड केलेला सामना होता. एरँगल नावाचा नकाशा, पोचिंकी गावाच्या बाहेरचं उघडं रान. झोन, म्हणजे खेळातलं सुरक्षित वर्तुळ, आवळत आलेला. आमच्याकडच्याच एका स्क्वॉडमधला पोरगा नॉक झाला होता, म्हणजे पडला होता पण संपला नव्हता. हातागुडघ्यांवर रांगत एका दगडाकडे सरकत होता आणि त्याच्या जिवाची पट्टी थोडी थोडी उतरत होती. त्याचा जोडीदार दगडाच्या पलीकडे सुरक्षित बसलेला. तिथेच बसून राहिला असता तर आणखी दोन-तीन संघ आपसांत संपले असते आणि ह्यांना जागेचे काही गुण मिळाले असते. त्याने स्मोक फेकला. राखाडी धूर पसरायच्या आतच तो धावत उघड्यावर आला, सोबत्याशेजारी वाकला. पडद्यावर एक गोल भरू लागतो, आठ-दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ माणसाला बंदूक धरता येत नाही, मान वळवून बघण्यापलीकडे काही करता येत नाही. धुराला वाऱ्याने पडावी तशी फट पडली. गोल पूर्ण झाला, पडलेला उठून उभा राहिला, आणि त्याच क्षणी उठवणाऱ्याला गोळी लागली. संघ नववा आला. स्पर्धेच्या हिशेबात नवव्याला शून्य. त्या सामन्याच्या ओळीत स्क्वॉडच्या नावापुढे शून्य लिहिलेलं मी पाहिलं.

लूकच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाजवळून आधी याजक गेला, मग लेवी गेला. त्यांना दुष्ट म्हणायची आपल्याला सवय आहे. त्या वाटेवर लुटारू अजून असतीलच, आणि थांबणारा उघड्यावर येतो. त्यांच्या हिशेबाने त्यांनी झोन धरला.

पुतण्याने ठरवून टाकलं होतं: नवा रकाना, प्रत्येक रिव्हाइव्हला, म्हणजे सोबत्याला उठवण्याला, दोन गुण. मी विरोध केला, आणि त्याला ते अजिबात अपेक्षित नव्हतं. इतका वेळ दाविदाची गोष्ट सांगून मीच आता नको म्हणत होतो. माझं कारण आधी गणिताचं होतं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेल्या नियमाचा अर्थ आज असा सांगतात, की एखादं माप लक्ष्य झालं की ते मोजायच्या कामाचं राहत नाही. दोन गुण ठेव, आणि पुढच्या आठवड्यात मुलं कोपऱ्यात बसून स्वतःच्याच ग्रेनेडने एकमेकांना पाडतील आणि उठवतील. तो हसला. ‘नानभाटवाले नक्की करतील,’ म्हणाला.

दुसरं कारण सांगायला मला जास्त वेळ लागला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दान गुप्त ठेवायला सांगतो, इतकं की एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू नये. आजवर मी ते विनयाचं शिक्षण म्हणून शिकवलं. आता मला वाटतं, त्यात त्या कृतीचं रक्षण आहे. सोबत्याला उचलायला धावणारा पोर त्या क्षणी दोन गुणांसाठी धावला की सोबत्यासाठी, हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं तर आपण त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं.

पुतण्याने लगेच पकडलं. ‘पण त्याच अध्यायात म्हटलंय ना, गुप्तपणे बघणारा पिता त्याला प्रतिफळ देईल? म्हणजे देव मोजतोच.’

मोजत असेल, मी म्हटलं. पण ते प्रतिफळ दुसऱ्या कुणाच्या खात्यातून येत नाही, आणि रविवारी रात्री ग्रुपवर पडत नाही.

‘मग त्या पोराने काय केलं ते कळणार कुणाला?’

‘ज्याला उठवलं त्याला.’

हे त्याला पुरलं नाही. त्याचं म्हणणं असं, की यादीत जे येत नाही ते महिन्याभरात सगळे विसरतात. आज उठवलेला उद्या दुसऱ्या स्क्वॉडमध्ये जातो आणि फिनिश मोजत बसतो. यादी करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं नाही, तर मग तो बघतो कशाला? ह्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. शेवटी त्यानेच मधली वाट सुचवली: रिव्हाइव्ह मोजायचे, गुण द्यायचे नाहीत, यादीच्या खाली संघांची नावं न लावता त्या आठवड्याची फक्त एकूण संख्या लिहायची. सगळ्या गावांनी मिळून इतक्यांना उठवलं, एवढंच. मला ते मान्य आहे, पण स्क्रीनशॉटमध्ये तो आकडा दर वेळी दिसत नाही, त्यासाठी प्रत्येक सामना पूर्ण बघावा लागेल, आणि त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे. सामने बघायचं काम मी करीन असं मी त्याला सांगितलं आहे. एरँगलचा नकाशा कुठला आणि मिरामारचा कुठला एवढं मला आता ओळखता येतं. स्मोकमध्ये कोण कुणाला उचलतो आहे हे ओळखायला तो मला शिकवतो आहे.